पापणी मिटायची राहून जाते

डोळ्यांसाठी गाजर खा, गुलाबपाणी घाला, असं बरेच जण सुचवतात, म्हणून लिहिते. गाजर जरूर खा, पण त्याने चष्म्याचा नंबर उतरत नाही. अ जीवनसत्त्व कमी पडलं तर रातांधळेपणा येतो, ते वेगळं. गुलाबपाणी मात्र डोळ्यांत नकोच. ते निर्जंतुक नसतं.

मी हिशेबाच्या कामात. मार्चअखेरीला डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायचं, वर घळाघळा पाणी. डॉक्टर म्हणाल्या, "कोरडे पडलेत." पाणी येतंय आणि म्हणे कोरडे! पण तसंच असतं. एरवी आपण मिनिटाला साधारण १५ वेळा पापण्या मिटतो, स्क्रीनसमोर ते निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतं. बुबुळावरचा ओलावा सुकतो, मग डोळा चुरचुरतो आणि पाणी सोडतो.

उपाय अगदी साधे निघाले. मॉनिटर डोळ्यांच्या रेषेखाली घेतला, एसीचा झोत तोंडावरून हटवला. दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांपलीकडे बघायचं. मी समोरच्या गच्चीवरची काळी टाकी बघते. (टाकीवाल्यांना शंका आली असेल.) स्क्रीनचा निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यावर पैसे घातले होते, फरक शून्य.

लहान मुलांना रोज दीड-दोन तास उजेडात बाहेर खेळू द्या, मायनस नंबर लागण्याची शक्यता त्याने कमी होते.

आणि चाळिशीनंतर नुसता नंबर काढून येऊ नका, डोळ्यांचा दाब आणि मागची नसही तपासून घ्या. काचबिंदू, म्हणजे ही नस खराब होण्याचा आजार, बहुतेकदा दुखत-खुपत नाही आणि गेलेली नजर परत येत नाही. घरात कुणाला असेल तर चाळिशीआधीच जा.