नवीन घराचं बाहेरचं काम: सगळं आत्ताच उरकावं की थांबावं?

अंगण_हवंय:
नमस्कार मंडळी. घराचं बांधकाम एकदाचं झालं. आतली फरशी बसली, लाइट-नळ झाले, पुट्टी आणि प्रायमर चालू आहे. आता बाहेरचं राहिलंय. पुढे गाडी लावायची जागा, दोन्ही बाजूंना बोळासारखी मोकळी पट्टी आणि मागे बागेपुरती जमीन आहे, पण सध्या सगळीकडे राडारोडाच पडलाय. ठेकेदार म्हणतो माणसं साइटवर आहेत तोवर पेव्हर (सुटे काँक्रीटचे फरसबंदी ठोकळे), गेट, बाहेरचा रंग सगळं एका दमात करून टाकू, नंतर परत माणसं जमवणं अवघड जातं, आणि घरातलेही त्याच्याच बाजूने कारण चिखल पायाला लागून आत येतो. मला मात्र घाई होतेय असं वाटतंय, कारण पायाभोवतीचा भराव अगदी अलीकडे टाकलाय आणि त्यावर लगेच पेव्हर म्हणजे जरा धाकधूक होते. पेव्हर घालू की सरळ कोबा (सलग काँक्रीटची जमीन) करू? बाहेरचा रंग आत्ता दिला तर चालेल का? आणि आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे पुढच्या पायऱ्यांचंही नीट बघायचंय. ज्यांनी ही कामं केलीत किंवा करवून घेतलीत त्यांनी सविस्तर सांगा, प्लीज.

माती_आणि_दगड:
तुमची शंका शंभर टक्के बरोबर आहे, घरच्यांना हे वाचून दाखवा.

पाया खणताना खड्डा फुटिंगपेक्षा (पायाच्या तळाच्या काँक्रीटपेक्षा) रुंद खणतात, मग काम झालं की बाजूची पोकळी मातीने भरतात. म्हणजे घरापासून लांबची जमीन मूळची घट्ट आणि भिंतीला लागून असलेली पट्टी नव्याने भरलेली, सैल. पाणी मुरलं की ही सैल पट्टीच खाली बसते. त्यावर पेव्हर घातलेले असतील तर ते भिंतीच्या बाजूने खचतात आणि तुम्ही बाहेरच्या दिशेला दिलेला ढाळ उलटा होऊन पाणी थेट जोत्याला लागतं. मग आत स्कर्टिंगच्या वर ओल दिसते, रंगाचे पोपडे निघतात, आणि लोक वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावतात, खरं दुखणं बाहेर असतं.

आता ठेकेदाराला एकच विचारा, भराव थराथराने दाबलाय का? सहा-सहा इंचाचा थर टाकून, पाणी मारून, दुरमुस किंवा प्लेट कॉम्पॅक्टर फिरवून केला असेल तर फार काळजी नाही. पण ट्रॉली आणून ओतली आणि वरून सपाट केली असेल (बहुतेक ठिकाणी हेच होतं), तर एकतर ती माती काढून परत नीट भरा, नाहीतर एक अख्खा पावसाळा जाऊ द्या आणि तोवर वापराच्या वाटेवर जाड खडी पसरा. खडीने चिखलाचा प्रश्न लगेच सुटतो आणि तीच खडी नंतर पेव्हरच्या खाली वापरता येते, वाया काही जात नाही.

ढाळाचं माप लक्षात ठेवा. उघड्या मातीला घरापासून पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार पाहिजे, पेव्हर किंवा कोब्याला मीटरमागे दोन सेंटिमीटर पुरतात. डोळ्याने ढाळ ठरवू देऊ नका, पाण्याची लेव्हल नळी लावायला सांगा, दोन माणसांचं दहा मिनिटांचं काम आहे.

आणि जे हमखास विसरलं जातं ते सांगतो. तयार फरसबंदीची वरची पातळी ओलरोधक थराच्या (जोत्यावर ओल वर चढू नये म्हणून दिलेल्या थराच्या) निदान १५ सेंटिमीटर खाली राहिली पाहिजे. १५० मिमी खडी, ३० मिमी वाळू, ६० मिमी पेव्हर, झाले २४० मिमी. एवढं आधी खणून काढलं नाही तर जोतं बघता बघता गाडलं जातं, आणि पावसाचे शिंतोडे प्लास्टरवर उडत राहतात ते वेगळंच.

साइटवर_असतो:
वरच्या प्रतिसादाशी सहमत पण "थांबा" याचा अर्थ सगळंच थांबवा असा घेऊ नका. जमिनीखालचं जे काही आहे ते आत्ताच करून घ्या, उलट भराव परत काढणार असाल तर याहून चांगली वेळ नाही. गच्चीच्या पाण्याचे पाइप कुठे सुटतात ते आधी बघा. खूप घरांत ते भिंतीच्या बुडाशीच सोडून दिलेले असतात, म्हणजे अख्ख्या गच्चीचं पाणी एका कोपऱ्यात पायावर. ते चेंबरमध्ये घ्या आणि तिथून पाइपने लांब, शोषखड्ड्यात किंवा पावसाच्या गटारात. सांडपाण्याच्या चेंबरला अजिबात जोडू नका, जोरात पाऊस आला की उलटं पाणी बाथरूममध्ये येऊ शकतं.

मग गाडीच्या जागेखालून आडवे दोन रिकामे पीव्हीसी पाइप टाकून ठेवा, दोन्ही तोंडांना कॅप लावून. आज वाटेल कशाला, पण उद्या गेटला मोटर, बेल, कॅमेरा, बागेला लाइट, मागे नळ, काहीही हवं झालं तर फरशी फोडावी लागणार नाही. बुजवायच्या आधी प्रत्येक लाइनचा फोटो काढा, फोटोत टेप ठेवून, भिंतीच्या कोपऱ्यापासून किती अंतर आणि किती खोल ते दिसेल असा. हे फोटो घराच्या नकाशाइतकेच जपा.

पेव्हर की कोबा, तर नवीन भरावावर माझं मत पेव्हर. खचला तर तेवढाच भाग उचलून खाली वाळू-खडी भरून परत बसवता येतो, कोबा तडकला की तडकलाच. पायी वापराला आणि साध्या कारला ६० मिमी चालतो, टेम्पो किंवा पाण्याचा टँकर आत येणार असेल तर ८० घ्या. कडेला काँक्रीटची पट्टी हवीच, ती नसेल तर पेव्हर हळूहळू बाहेर सरकतात आणि सांधे उघडतात. सांध्यात बारीक कोरडी वाळू भरून वरून प्लेट फिरवायची, नंतर परत वाळू. हे शेवटचं काम कारागीर गुंडाळतात, उभं राहून करून घ्या.

कोबाच करायचा असेल तर चार इंच जाडीला साधारण दहा फुटांवर जॉइंट कापा, घराच्या भिंतीशी जोडू नका, मधे फट ठेवून सीलंट भरा, आणि निदान आठवडाभर ओला ठेवा. २८ दिवसांत त्याला ठरलेली ताकद येते, तोवर जड गाडी नको.

ब्रश_आणि_रोलर:
रंगाबद्दल मी लिहितो, बाकी वरच्या दोघांनी छान सांगितलंय.

नवं प्लास्टर अल्कलाइन असतं आणि आत पाणी असतं. ते पाणी बाहेर पडताना क्षार घेऊन येतं आणि भिंतीवर पांढरी भुकटी दिसते, तोच लोणा. त्यावर रंग दिला की फुगे आणि पोपडे ठरलेलेच. म्हणून प्लास्टरचं क्युरिंग (पाणी मारून ओलं ठेवणं) संपल्यावर किमान चार आठवडे कोरडं होऊ द्या, हवा दमट असेल तर आणखी. अंदाज येत नसेल तर प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा चारही बाजूंनी टेपने पक्का चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी बघा, आतून दव दिसलं किंवा भिंत काळसर पडली तर अजून वेळ आहे. लोणा आलाच असेल तर कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुवत बसलात तर तो परत आत जाऊन परत बाहेर येतो.

भेगांचं म्हणाल तर केसासारख्या बारीक भेगा नव्या घरात येतातच, विशेषतः कॉलम-बीम आणि विटांचं काम जिथे भेटतं तिथे. त्या थोड्या उघडून क्रॅक फिलर भरायचा. पण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, जिन्यासारखी विटांच्या सांध्यांतून जाणारी किंवा दोन-तीन मिमीपेक्षा रुंद भेग असेल तर बुजवायची घाई करू नका. दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करा, शेजारी तारीख लिहा. भेग खुणेच्या पुढे गेली तर इंजिनियरला दाखवा, ते काम पेंटरचं नाही.

तुमच्या केसमध्ये मी काय करेन तर भिंत सुकली की बाहेरून अल्कलीला टिकणारा प्रायमर आणि रंगाचा एकच हात. भिंतीला संरक्षण मिळतं. शेवटचा हात बाहेरची सगळी खोदाई, पेव्हर, गेटचं वेल्डिंग झाल्यावर, कारण कितीही झाकलं तरी सिमेंटचे शिंतोडे आणि वेल्डिंगच्या ठिणग्या भिंतीला लागतातच. बाहेर पुट्टी लावायचीच तर व्हाइट सिमेंटवाली, पीओपी किंवा जिप्सम बाहेर टिकत नाही. आणि हो, छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच आहे का बघा. नसेल तर रंगाआधीच करून घ्या, नाहीतर पाणी छज्ज्याखालून भिंतीपर्यंत येतं आणि काळे ओघळ उठतात, मग कितीही भारी रंग लावा.

अंगण_हवंय:
बापरे, किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार. आज ठेकेदाराला विचारलं तर भराव थराने दाबलेला नाही हे त्याने मान्य केलं. गच्चीचे दोन पाइपही भिंतीपाशीच सुटतायत, ते तर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आता पायऱ्या आणि बागेबद्दल कुणी सांगेल का? जोतं जमिनीपासून ४५ सेंटिमीटर आहे. रॅम्प बसेल का?

पायरी_पायरी:
रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा जास्त नको, म्हणजे ४५ सेंमी उंचीला ५.४ मीटर लांबी, जवळजवळ १८ फूट. पुढे गाडीची जागा सोडून एवढं मिळत असेल किंवा बाजूच्या पट्टीतून वळवता येत असेल तर जरूर करा, पुढेमागे व्हीलचेअर, बाळाची गाडी, सिलिंडर सगळ्याला उपयोग. जागा नसेल तर आखूड तीव्र रॅम्प मात्र करू नका, गुडघे दुखणाऱ्या माणसाला तो पायऱ्यांपेक्षा त्रासाचा, उतरताना तर फारच.

पायऱ्या करताना १५ सेंमी उंची आणि ३० सेंमी पाऊल ठेवायला, म्हणजे तुमच्याकडे तीन चढ होतील. जागा असेल तर ११-१२ सेंमीचे चार करा, पाऊल ३५-३६ सेंमी, आईंना खूप बरं पडेल. सगळ्या पायऱ्या तंतोतंत सारख्या हव्यात. पहिली किंवा शेवटची एखादी कमीजास्त झाली की माणूस तिथेच अडखळतो, आणि ही चूक अंगणाची पातळी नंतर वाढवल्यामुळे होते, म्हणून तयार अंगणाची लेव्हल आधी नक्की करा आणि मगच पायऱ्या बांधा. कठडा दोन्ही बाजूंना, साधारण ९० सेंमी उंच, हाताच्या मुठीत नीट मावेल असा गोल पाइप, आणि शेवटच्या पायरीच्या थोडा पुढे आलेला. दिसायला नक्षीची चौकोनी जाड रेलिंग छान वाटते पण ती धरता येत नाही.

वर चकचकीत फरशी किंवा पॉलिश ग्रॅनाइट बिलकूल नको. फ्लेम फिनिश दगड किंवा खरखरीत आउटडोअर टाइल घ्या, प्रत्येक पायरीला पुढे हलका ढाळ द्या म्हणजे पाणी साचून शेवाळ धरणार नाही. कडेला वेगळ्या रंगाची पट्टी ठेवली तर संध्याकाळी नजर कमी असलेल्यांना पायरी संपली ते कळतं.

हिरवा_कोपरा:
बागेसाठी एकच मोठं सांगणं, राडारोडा मातीखाली गाडू देऊ नका!! ठेकेदारांना तेच सोपं असतं, विटांचे तुकडे, वाळलेलं मॉर्टर, सिमेंटच्या गोण्या, सगळं पसरून वर चार इंच लाल माती. सिमेंट-चुन्याने माती अल्कलाइन होते, पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, आणि आपण खत घालत बसतो. डबर उचलून न्यायला लावा, मग खालची जमीन दीड फूट खणून भुसभुशीत करा, कारण गाड्या आणि मिक्सर फिरून ती इतकी दबलेली असते की पाणीही उतरत नाही. मग शेणखत किंवा कंपोस्ट मिसळा.

वाफे घराच्या भिंतीला टेकवून करू नका, किमान दोन-अडीच फूट पट्टी मोकळी, तिथे प्लिंथ प्रोटेक्शन (जोत्याभोवतीची काँक्रीटची पट्टी) किंवा खडी. भिंतीलगत रोज पाणी घालणं म्हणजे पायाला रोज पाणी घालणं. वड, पिंपळ, उंबर, रबर प्लांट या जातीची झाडं लहान प्लॉटमध्ये नकोतच, मुळं चेंबरच्या सांध्यात शिरतात. आणि झाड लावताना आजचं रोप बघू नका, पूर्ण वाढल्यावरचा घेर धरून तेवढं अंतर सोडा. पहिल्या वर्षी कुंड्या आणि हंगामी फुलझाडं ठेवा, ऊन कुठे किती वेळ येतं ते कळलं की कायमची झाडं लावा.

साइटवर_असतो:
गेटचं राहिलंच. गेटच्या खांबांना स्वतंत्र फुटिंग हवं, कंपाउंडच्या भिंतीत नुसती वीट वाढवून वजनदार गेट टांगलं की खांब झुकतो आणि कडी जुळत नाही. अंगण गेटकडून घराकडे चढत असेल तर आत उघडणारं गेट जमिनीला घासतं, अशा वेळी स्लायडिंग बघा, पण त्याला बाजूला तेवढी लांबी लागते. फॅब्रिकेटरला माप पेव्हरची तयार लेव्हल ठरल्यावरच घ्यायला सांगा. बाहेरचे लाइट आयपी ६५ चे (धूळ आणि पाण्याच्या फवाऱ्याला टिकणारे), आणि बाहेरच्या सर्किटला ३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) असायलाच हवा, यात तडजोड नको, ओल्या जागेत माणसं अनवाणी वावरतात.

अंगण_हवंय:
ठेकेदाराशी बोलणं झालं. भिंतीलगतचा भराव काढून थराने भरणार, त्याच वेळी गच्चीचे पाइप लांब नेणार आणि दोन रिकामे पाइप टाकणार. पायऱ्या चार चढांच्या, दोन्ही बाजूंना कठडा. रंगाचा एक हात आता, वाटेवर खडी, आणि पेव्हर पावसाळ्यानंतर. पेव्हर आणि शेवटच्या हाताचे पैसे वेगळे काढून ठेवायचं ठरलंय, ते काम झाल्यावरच द्यायचे. घरच्यांनाही खडीचं पटलं.

माती_आणि_दगड:
मस्त ठरवलंत. पहिला जोराचा पाऊस येईल तेव्हा घराभोवती एक चक्कर मारा आणि मोबाइलवर शूट करा, पाणी कुठे थांबतं, कुठून भिंतीकडे येतं, चेंबर तुंबतो का. पाऊस उघडला की साचलेल्या जागांना खुंट्या ठोकून ठेवा. पेव्हरवाल्याला लेव्हल लावताना तो व्हिडिओ आणि त्या खुंट्या दाखवा, ढाळ कुठून कुठे न्यायचा ते तिथेच ठरेल.