बूस्टमध्ये पेट्रोल कमी पडतंय: रेग्युलेटर की पंप?

होटगीरोडकर:
जुन्या पोर्ट इंजेक्शन पेट्रोल गाडीला टर्बो बसवलाय, बूस्ट (टर्बोने ढकललेल्या हवेचं जादा प्रेशर) ०.८ बार. आयडलला काही तक्रार नाही. तुळजापूर घाटात पूर्ण ॲक्सिलरेटर दिला की एएफआर (हवा-पेट्रोलचं प्रमाण, आकडा वाढला म्हणजे पेट्रोल कमी) १२ वरून १४ वर जातो, नॉकिंग (इंजिनात ठकठक) सुरू होतं. रेलवरचं (इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या पाइपवरचं) गेज आयडलला ३ बार, बूस्टलाही ३ बारच. प्रेशर पडत नाही, मग पेट्रोल का कमी पडतंय?

रेलगेज:
भाऊ, प्रेशर हलत नाही हाच दोष आहे. आधी बूस्टमध्ये चालवणं बंद करा, पिस्टन जाईल.

इंजेक्टरच्या एका बाजूला रेलचं प्रेशर, दुसऱ्या बाजूला मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपांतलं. पेट्रोल किती जाणार ते या दोन्हींतल्या फरकावर ठरतं, आणि तो फरक कायम ३ बार राखणं हे रेग्युलेटरचं काम. मॅनिफोल्डमधून आलेली होज त्याच्या डायफ्रामवर (आतल्या पातळ पडद्यावर) स्प्रिंगच्या बाजूने हवा देते. बूस्ट आला की जादा पेट्रोल टाकीत परत नेणाऱ्या रिटर्नचं तोंड आवळतं आणि रेल तेवढीच चढते. ०.८ ला गेजवर ३.८ हवं, आयडलला व्हॅक्यूममुळे साधारण २.४. तुमच्याकडे बूस्टमध्ये फरक उरतो २.२. प्रवाह फरकाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो, म्हणजे पेट्रोल १४ टक्के कमी. १२ चे १४ तिथेच झाले.

आयडलला रेग्युलेटरकडची होज काढून टोकावर बोट ठेवा. ओढ लागत नसेल तर होज तडकलीय किंवा टर्बोच्या आधी जोडलीय. ओढ लागते तर रेग्युलेटर खराब. होजमध्ये पेट्रोल दिसलं तर डायफ्राम फाटलाय, गाडी लगेच बंद करा.

बाळीवेस:
त्याआधी रेलवरून टाकीकडे रिटर्न पाइप येतो का बघा. रिटर्नलेस गाडीत रेग्युलेटर टाकीत, पंपासोबत असतो. तिथे प्रेशर मुद्दाम स्थिर ठेवतात आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) मॅप सेन्सर (मॅनिफोल्डचं प्रेशर मोजणारा) बघून इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवतो. मग दोष ट्यूनिंगमध्ये शोधायचा.

होटगीरोडकर:
रिटर्न आहे. होज निपलपाशी तडकली होती, आत कोरडी. बदलली. आता आयडलला २.४, बूस्टला ३.८. पण ५००० आरपीएमच्या वर ३.४ वर उतरतं.

रेलगेज:
आता पंप पुरत नाही. प्रेशर चढेल तसा पंपाचा प्रवाह घटतो. इंजिन चालू ठेवून पंपाच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजा. बॅटरीवर १३.८ आणि पंपावर १२ असेल तर बॅटरीवरून जाड वायर, फ्यूज आणि वेगळा रिले टाका. व्होल्टेज बरोबर असेल तर आधी फिल्टर बदला, मगच मोठा पंप.

आणि आपल्या मे महिन्यात टाकी पावाच्या खाली नेऊ नका. रिटर्नने गरम पेट्रोल परत येतं, थोड्या पेट्रोलात ते निवत नाही आणि पंप वाफ ओढतो.