स्टीरिओ कॅमेऱ्याने द्राक्षाच्या ओळीचं अंतर: एसजीबीएम सोडून न्यूरल नेटवर्क घ्यावं का?

द्राक्षयंत्र

नमस्कार मंडळी. दिंडोरी भागात आमची बाग आहे, वाय पद्धतीची, ओळींत ९ फूट. ब्लोअरवर बाजूला बघणारी कॅमेऱ्यांची जोडी बसवली आहे. पानांची भिंत कॅमेऱ्यापासून किती अंतरावर आहे ते पाहून नोझल चालू-बंद करायचे, म्हणजे जिथे वेल मेलेली आहे तिथे औषध हवेत जाणार नाही.

दोन यूएसबी कॅमेरे, ग्लोबल शटर (पूर्ण फोटो एकाच क्षणी टिपणारे), १२८० बाय ७२०, शेजारी-शेजारी, मध्ये १२ सेंमी. फोकल लेंग्थ (लेन्स किती जवळ आणून दाखवते ते) कॅलिब्रेशनमध्ये ७०० पिक्सेलच्या आसपास येते. दोन्हीकडच्या फ्रेम वेळ बघून सॉफ्टवेअरमध्येच जुळवतो. जेटसन ओरिन नॅनो या छोट्या कॉम्प्युटरवर ओपनसीव्ही लायब्ररीचं एसजीबीएम, म्हणजे दोन फोटो जुळवून अंतर काढणारी जुनी पद्धत. डिस्पॅरिटीची (तोच बिंदू दोन फोटोंत किती पिक्सेल सरकलेला दिसतो त्याची) मर्यादा ९६.

त्रास असा की वेलींना आधार देणाऱ्या तारा एकतर दिसतच नाहीत, नाहीतर भलत्याच अंतरावर दिसतात. पानांत भोकं पडतात, पुढे आलेल्या फांद्यांवर तर फारच. आणि ट्रॅक्टर चालू असताना १२० सेंमीवरची भिंत कधी १०५ तर कधी १४० दाखवते, तेही उड्या न मारता सावकाश झुलल्यासारखं. भाचा म्हणतो रॅफ्ट-स्टीरिओ हे न्यूरल नेटवर्क टाक, सगळं सुटेल. खरंच सुटेल का? छाटणीनंतर फवारण्यांची घाई सुरू होईल, त्याआधी ठरवायचंय.

पिक्सेलवाला

भाचा बरोबर बोलतोय. आम्ही गोदामातल्या गाडीवर एसजीबीएम काढून रॅफ्ट-स्टीरिओ टाकलं आणि भोकं गायब झाली. पॅरामीटर पिळत बसण्यात अर्थ नाही आता.

कोथरूडची_एपिपोलर

भाऊ, तुमच्याकडे आजार तीन आहेत आणि तुम्ही गोळी एकच मागताय.

आधी ते झुलणारं अंतर घ्या, कारण त्यावर जगातलं कुठलंही नेटवर्क चालणार नाही. दोन्ही कॅमेरे आपापल्या घड्याळावर चालतात. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या आणि सगळ्यात जवळची जोडी निवडली, तरी दोन फोटोंत १५-१६ मिलिसेकंदांचं अंतर राहू शकतं. ट्रॅक्टर ताशी ४ किमीने चालला तर तेवढ्यात तो पावणेदोन सेंमी पुढे जातो. तुमची जोडी नेमकी चालण्याच्या दिशेतच आडवी आहे. म्हणजे खरी बेसलाइन (दोन फोटो घेतलेल्या जागांमधलं अंतर) कधी १३.७ सेंमी, कधी १०.३, आणि सूत्रात (अंतर म्हणजे फोकल लेंग्थ गुणिले बेसलाइन, भागिले डिस्पॅरिटी) मात्र कायम १२. करा हिशोब: १२० सेंमीची भिंत १०५ ते १४० च्या मध्ये कुठेही येते. तुमचेच आकडे आहेत हे! उड्या न मारता झुलते, कारण दोन घड्याळं एकमेकांपासून हळूहळू सरकत राहतात. खात्री करायची तर त्याच जागी ट्रॅक्टर उभा करून मोजा. कॅमेऱ्यांना ट्रिगरची (बाहेरून ‘आता फोटो घे’ सांगायची) पिन असेल तर दोन्हींना एकच पल्स द्या, नसेल तर कॅमेरे बदला. इथे नेटवर्क टाकलंत तर तेच चुकीचं अंतर छान गुळगुळीत होऊन मिळेल, एवढंच.

आता तारा. तार आडवी, कॅमेरेही आडवे. डाव्या फोटोतला तारेचा तुकडा उजवीकडे त्याच ओळीत शोधायचा, आणि त्या ओळीत सगळीकडे तारच. कुठला तुकडा कुठला, हे ठरवायला काही धरच नाही. जोडी ९० अंशात फिरवा, एक कॅमेरा वर आणि एक खाली. अल्गोरिदमला देण्यापूर्वी दोन्ही फोटो फिरवून घ्यायचे, म्हणजे एसजीबीएमला पत्ताही लागत नाही. आता खोडं आणि खांब बेसलाइनला समांतर होतील, पण खोडाला साल असते, गाठी असतात, ते जुळतं. मात्र ट्रिगर तरीही लागणारच. उभ्या जोडीत वेळेचा फरक म्हणजे एक फोटो शोधरेषेवरून बाजूला सरकणार, १० मिलिसेकंदांना साडेसहा पिक्सेल, आणि मग काहीच जुळणार नाही.

पुढे आलेल्या फांद्यांची भोकं मर्यादेमुळे आहेत. ७०० गुणिले ०.१२ म्हणजे ८४, भागिले ९६, म्हणजे साधारण ८७ सेंमी. त्याहून जवळचं तुमचं एसजीबीएम बघूच शकत नाही. १६ च्या पटीत वाढवायचं असतं, १६० करा, ५२ सेंमीपर्यंत दिसेल.

एवढं करून जी भोकं उरतील, ती नेटवर्कचं खरं काम. एकसारखी पानं, सावल्या, बारीक काड्या. एसजीबीएमच्या मुळाशी असलेली पद्धत हिर्शम्युलर यांची, २००५ ची. २०१५ मध्ये झबोंटार आणि लकून यांनी त्यातला एकच टप्पा बदलला: दोन छोटे तुकडे एकमेकांशी किती जुळतात, तेवढं नेटवर्कला विचारायचं, बाकी सगळं जुनंच. त्यानेच निकाल बराच सुधारला. २०१६ च्या डिस्पनेटपासून पूर्ण साखळीच शिकवली जाऊ लागली. २०२१ चं रॅफ्ट-स्टीरिओ उत्तर टप्प्याटप्प्याने सुधारत नेतं, त्याला डिस्पॅरिटीची ठरलेली मर्यादा नाही, आणि वेळ कमी असेल तर फेऱ्या कमी करता येतात. जेटसनसाठी हे सोयीचं.

पण पिक्सेलवाला, भोकं गायब झाली ही आनंदाची बातमी असेलच असं नाही. एसजीबीएम भोक सोडतं म्हणजे ‘मला माहीत नाही’ असं कबूल करतं. नेटवर्क प्रत्येक पिक्सेलला काहीतरी उत्तर देतंच. पानाच्या कडेला पुढचं आणि मागचं अंतर मिसळून हवेत लटकलेले बिंदूही देतं. म्हणून डावं-उजवं तपासणं सोडू नका. दोन्ही फोटो आरशासारखे उलटवायचे, जागा बदलायच्या, नेटवर्क पुन्हा चालवायचं. दोन्ही उत्तरं जुळली नाहीत तिथे भोक ठेवायचं. वेळ दुप्पट लागतो, लागू दे.

आणि एक विचारते. मेलेल्या वेलीच्या जागी मागची ओळ दिसते ना? ती जवळजवळ ४ मीटरवर. जवळच्या भिंतीला डिस्पॅरिटी ७० पिक्सेल, मागच्या ओळीला २१-२२. नुसते नोझल चालू-बंद करायला एवढा फरक एसजीबीएमलाही पुरतो. नेटवर्क लागेल ते पानांची दाटी मोजायला.

राईनकाठचा_पुणेकर

वरच्या ताईंशी सहमत. फक्त वेट्स, म्हणजे नेटवर्क आधी जे शिकलंय ते, निवडताना जपा. मी कार्ल्सरूहला राहतो, नेटवर्क शिकवायला वापरतात त्या किट्टी संचाचे फोटो इथल्याच रस्त्यांवरचे आहेत: खाली डांबर, वर आकाश, बेसलाइन ५४ सेंमी. शिवाय लायडारने (लेझरने अंतर मोजणाऱ्या यंत्राने) मोजलेलं खरं अंतर फोटोच्या वरच्या भागात नाहीच. किट्टीवर घोटलेले वेट्स तुमच्या फिरवलेल्या फोटोंना दिलेत तर ते ‘खाली’ रस्ता शोधत बसतील. सीन फ्लो या कॉम्प्युटरवर बनवलेल्या संचाचे वेट्स घ्या. त्यातल्या मोठ्या भागात कृत्रिम वस्तू कशाही उडत असतात, वर-खालीचं बंधन नाही.

फाउंडेशनस्टीरिओ हे मोठं नेटवर्क अनोळखी दृश्यांवर फार चांगलं चालतं, पण चालत्या ट्रॅक्टरवर ओरिन नॅनोला झेपणार नाही. त्याचा उपयोग घरी करा. बागेतले फोटो साठवून रात्री मोठ्या मशीनवर त्यातून डिस्पॅरिटी काढायची आणि ती लहान नेटवर्कला शिकवायची.

द्राक्षयंत्र

ताई, ट्रॅक्टर उभा केला तर भिंत ११९-१२१ च्या बाहेर जात नाही. माझ्या मॉड्यूलवर ट्रिगरचे पॅड आहेत, तार सोल्डर करतोय. ब्रॅकेटही उभा करून घेतो, वेल्डिंगवाला उद्या येतोय. दादा, शिकवण्यासाठी फोटो कधीचे घेऊ? आणि मोठ्या नेटवर्कचं उत्तर बरोबर आहे हे कशावरून ठरवायचं?

राईनकाठचा_पुणेकर

खरड छाटणीनंतरचे (उन्हाळ्यातली), गोडी छाटणीनंतरचे (फळांसाठीची), पूर्ण पानं असतानाचे, सगळे घ्या. दुपारच्या उन्हातले आणि फवारणीनंतर लगेचचेही हवेत. ओल्या पानावरची चमक दोन्ही कॅमेऱ्यांना वेगळ्या जागी दिसते, तिथे सगळेच फसतात. एक्स्पोजर दोन्हीकडे सारखं लॉक करा.

कोथरूडची_एपिपोलर

तपासायला प्लायचा तुकडा घ्या, त्यावर वर्तमानपत्र चिकटवा. कोरा प्लाय नको, त्यावर जुळवायला काही नसतं. ओळीत १, २ आणि ४ मीटरवर उभा करून लेझर मीटरने मोजा. एका पिक्सेलची चूक २ मीटरवर पावणेपाच सेंमी होते, ४ मीटरवर १९. नेटवर्कने पाव पिक्सेल गाठला तर २ मीटरवर सव्वा सेंमी, फवारणीला पुष्कळ झालं. हीच तपासणी ट्रॅक्टर बागेतून धक्के खाऊन आल्यावर पुन्हा करा. ब्रॅकेट वेल्डिंगचा आहे म्हणालात, पण कॅमेरे त्यावर स्क्रूनेच बसणार ना? लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावा.