मदत हवी आहे: दोघींच्या खोलीत पाच जणी, कुणाचं नाव न घेता तक्रार कशी करू?

नमस्कार. पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा. मी मराठवाड्यातल्या एका विद्यापीठात एमेस्सी बॉटनीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, गाव जिंतूर तालुक्यात. विद्यापीठाचं नाव विचारू नका, मराठवाड्यात विद्यापीठं आहेत तरी किती, दोन प्रश्नांत माझी खोली पण सापडेल.

खोली दोघींची. दोन लोखंडी कॉट, दोन टेबल, भिंतीतलं एक कपाट. अलॉटमेंट मात्र तिघींना दिलीय, तिसरीने गादी घरून आणायची आणि फी तिघींकडून सारखीच. तेवढं चाललं असतं. दिवाळीनंतर एकीची मावसबहीण पोलीस भरतीच्या तयारीला आली, थोडे दिवस म्हणून, ती इथलीच झाली. आणि एक ताई आहे, मागच्या वर्षीच एमए झालीय, एमपीएससी करायलीय, होस्टेल सोडायला लागलं तर जाणार कुठं म्हणून आमच्याकडं आली. हजेरीच्या टायमाला दोघी वरच्या मजल्यावर जातात, सही झाली की खाली येतात. मॅडमना माहीत नसेल असं नाही, पण त्या रजिस्टर बघतात, खोली बघत नाहीत.

आता रात्रीचं सांगते. तीन गाद्या खाली टाकल्या की दार अर्धंच उघडतं, बाथरूमला जायचं तर कुणाचा तरी पाय तुडवूनच जावं लागतं. ताई दोन वाजेपर्यंत वाचते, लाईट चालू. पोलीस भरतीवाली साडेचारला उठते कारण ग्राउंडवर आठशे मीटरचा टायमिंग काढायचा असतो, तिचा अलार्म तिला सोडून सगळ्यांना ऐकू येतो. म्हणजे आम्हाला अंधार मिळतो तो मधले अडीच तास. वरून दोरीवर पाच जणींचे कपडे, थंडीत वाळत नाहीत, टेबलावरच्या माझ्या जर्नलवर पाणी ठिबकतं, हर्बेरियम शीटची (वाळवलेली रोपं चिकटवलेले कागद) तर पार वाट लागलीय, एक नमुना बुरशी लागून गेला. प्लग एकच, त्यावर एक्स्टेंशन, त्यावर पाच मोबाईल आणि सकाळी पाणी तापवायची कॉइल. आता त्यात भर म्हणजे सगळ्यांनाच खाज सुटलीय, रात्री जास्त, बोटांच्या मधी बारीक पुरळ आलेत, टाकीच्या पाण्यामुळं असेल.

मला कुणाला रस्त्यावर काढायचं नाही हो. ताईचे वडील ऊसतोडीला जातात, तिला घरी जाऊन अभ्यास करायला घरच नाही सहा महिने. भरतीवालीचं घरून धपाटे नि ठेचा एसटीने येतो तर पहिला घास मला देते. वैताग माणसांचा नाही, जागेचा आहे. पण माझी सेट (प्राध्यापक व्हायची पात्रता) परीक्षा आहे आणि मला झोप पाहिजे.

घरी सांगू शकत नाही. आप्पा म्हणतील मंग वापस ये, आणि वापस गेले की स्थळं बघणं सुरू. म्हणून "बाहेर रूम कर" हे सोडून काय करता येईल ते सांगा.

प्रतिसाद: गोदाकाठ
बाहेर दोघी-तिघींनी मिळून रूम केली तर फार पडत नाही. प्रॅक्टिकल विचार कर.

धागाकर्ती
शेवटची ओळ वाचली का दादा?

प्रतिसाद: जुनी होस्टेलवाली
ताई, मी पण अशाच खोलीत दोन वर्षं काढलीत, तर ऐक. "आमच्या खोलीत या या मुली राहतात" अशी तक्रार अजिबात करू नको. तसं केलं की एका रात्री धाड पडते, गाद्या व्हरांड्यात फेकतात, दोन गरीब पोरी बाहेर जातात आणि खोली तिघींचीच राहते, दोघींची होत नाही. तुझी खरी तक्रार विद्यापीठाशी आहे, दोघींच्या खोलीत तिघींना अलॉटमेंट दिली याची. पावती आणि माहितीपुस्तिका काढ. त्यात "दोन विद्यार्थिनींची खोली" असं छापलेलं असेल तर तुझं काम सोपं झालं, कारण यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२३ च्या तक्रार निवारण नियमांत माहितीपुस्तिकेत कबूल केलेल्या सोयी न देणं ही तक्रारच धरलीय.

अर्ज एकटीचा देऊ नको. मजल्यावरच्या सगळ्या अलॉटमेंटवाल्या पोरींच्या सह्या घे, रेक्टरच्या नावाने, विषय "खोलीनिहाय मंजूर क्षमता व कॉट-टेबल उपलब्ध करून देणेबाबत". पाहुण्यांचा प पण काढू नको. अर्ज आवक-जावकला दे आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक नि शिक्का घेतल्याशिवाय हलू नको, क्लार्क म्हणेल ठेवा टेबलावर, ठेवायचा नाही. काही हललं नाही तर विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जा, त्यांनी कामाच्या १५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो, समितीत एक तरी महिला असावीच लागते. तिथंही पटलं नाही तर विद्यापीठाच्या विद्यार्थी-तक्रारींसाठीच्या लोकपालकडे अपील. माहिती अधिकारात मंजूर क्षमता आणि प्रत्यक्ष अलॉटमेंट विचारता येते, दहा रुपये फी, ३० दिवसांत उत्तर, पण तो कागद नंतर काढ, आधीच काढला की सगळे तुझ्याकडे संशयाने बघतात.

धागाकर्ती
मजल्यावरच्या पोरी सही करतील का शंका आहे, बऱ्याच खोल्यांत एक-दोन पाहुण्या आहेतच. चौकशी लागली तर त्या पण जातील असं म्हणायल्यात.

प्रतिसाद: जुनी होस्टेलवाली
म्हणूनच कॉट आणि रीडिंग रूम मागा. रीडिंग रूम रात्री दोनपर्यंत उघडी ठेवा ही मागणी सगळ्याच करतील. ताई तिथं वाचेल, तुझा लाईट बंद. अर्धं दुखणं तिथंच संपतं.

प्रतिसाद: फॉर्म भरणारा
पैशाचं बोलतो. अनुसूचित जातीच्या किंवा नवबौद्ध मुलींना समाजकल्याणच्या वसतिगृहात नंबर लागला नसेल तर स्वाधार योजना आहे, राहण्या-जेवणाचे पैसे मिळतात, मूळ दर संभाजीनगरसारख्या विभागीय शहरात वर्षाला ५१ हजार, बाकीच्या ठिकाणी ४३ हजार. ओबीसीला ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, अल्पभूधारकाच्या मुलांना पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. पण हे सगळं चालू प्रवेश असणाऱ्यांना. तुमच्या ताईचा प्रवेशच नाही तर तिला यातलं काही मिळणार नाही. तिने बार्टी (अनुसूचित जाती), सारथी (मराठा-कुणबी), महाज्योती (ओबीसी, भटके-विमुक्त) यातलं जे लागू असेल तिथल्या एमपीएससी प्रशिक्षणाची जाहिरात बघावी, पोलीस भरतीवालीने पण. पैसा खात्यात कधी येईल याची गॅरंटी मी देत नाही, तोवर उसनवारी करावी लागते हे पक्कं धरून चाला.

आणि ती कॉइल बंद करा आधी. साधा पॉइंट सहा अँपिअरचा, म्हणजे १३८० वॉट झेपतात, कॉइल बऱ्याचदा १५०० ची असते, वरून मोबाईल. एक्स्टेंशनला हात लावून बघा, गरम लागेल.

प्रतिसाद: सिस्टर लातूरवाली
बाकी सगळं राहू द्या. रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यात पुरळ, एका खोलीत सगळ्यांनाच, ही खरूज वाटायलीय. पाण्याचा दोष नाही. डॉक्टरला दाखवून खात्री करून घ्या, पण उद्याच. खरूज असली तर परमेथ्रिनचं मलम देतील, मानेपासून तळपायापर्यंत लावायचं, नखांखाली पण, रात्रभर ठेवून सकाळी अंघोळ, आणि आठ दिवसांनी परत एकदा. मुख्य गोष्ट म्हणजे पाचही जणींनी एकाच रात्री लावायचं. खाज नसली तरी. एक जरी राहिली की सगळ्यांना पुन्हा. चादरी, कपडे गरम पाण्यात धुवा, उन्हात टाका, जे धुता येत नाही ते पिशवीत गाठ मारून चार दिवस ठेवा. खाज आणखी दोन-तीन आठवडे राहू शकते, घाबरून रोज मलम लावत बसू नका.

धागाकर्ती
माय गं. भरतीवालीची शेजारच्या खोलीत पण एक मैत्रीण आहे, ती दुपारी आमच्याच गादीवर झोपते.

प्रतिसाद: सिस्टर लातूरवाली
मग ती सहावी.

धागाकर्ती
अर्ज उद्या टाईप करून इथं टाकते, चुका काढा प्लीज. रीडिंग रूमचा मुद्दा वरती घेते. आणि सिस्टर, एका जणीला किती मलम लागतं? मेडिकलवाल्याने एक ट्यूब सगळ्यांना पुरेल म्हणून सांगितलं.

प्रतिसाद: सिस्टर लातूरवाली
पुरत नाही. मोठ्या माणसाला एका वेळेला साधारण ३० ग्रॅम, म्हणजे लहानवाली एक ट्यूब. सहा जणी, दोन वेळा, बारा ट्यूब झाल्या. मेडिकलवर विकत घेऊ नका, सरकारी दवाखान्यात त्वचारोगाच्या ओपीडीला सगळ्या जणी बरोबर जा, सहा केसपेपर काढा. भरतीवालीला म्हणा एक दिवस ग्राउंड बुडालं तरी चालतं.