रानात न्यायची सुरी: पातं रुंद हवं की अरुंद?

डोंगरवाट:
गेली बारा-तेरा वर्षं सह्याद्रीत भटकतोय. त्यातली बरीच वर्षं पाठपिशवीत एकच सुरी होती, स्वीडनच्या मोरा कंपनीची. चार इंच लांब, जेमतेम पाऊण इंच रुंद, पाठीला अडीच मिलिमीटर जाड. उत्तम सुरी आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण तीन वर्षांपूर्वी गावच्या लोहाराकडून गाडीच्या कमानपाट्याची एक सुरी करून घेतली: सहा इंच लांब, ४५ मिमी रुंद, पाठीला ३ मिमी, आणि पाठीपासून धारेपर्यंत दोन्ही अंगांनी सरळ उतरवलेली. तेव्हापासून मोरा घरी आहे. माझं मत असं की आपल्या डोंगरात एकच सुरी न्यायची असेल तर ती रुंद पात्याचीच न्यावी.

कारण सांगतो. रतनवाडीत मुक्काम होता, नऊ जणांचं पिठलं करायचं होतं. पातेल्याचं झाकण उलटं ठेवून त्यावर कांदा चिरत होतो. अरुंद पात्याने हे काम करून बघा. मुठीखाली बोटांना जागाच उरत नाही. धार झाकणाला टेकायच्या आधी बोटांचे सांधे टेकतात. मग कांदा तळापर्यंत कापला जात नाही, शेवटचा पापुद्रा तसाच राहतो आणि फोडी माळेसारख्या लोंबत वर येतात. रुंद पात्याला हात आपोआप वर राहतो. डाव्या हाताच्या पेरांना पातं टेकवून न बघता चिरता येतं, आणि चिरलेला कांदा त्याच पात्यावर उचलून कढईत जातो. अंधारात, डोक्यावरच्या विजेरीच्या उजेडात याचा फरक फार पडतो.

दुसरं, सरपण. गावातून विकत घेतलेली मोळी जाड निघाली की पात्याच्या पाठीवर दांडकं मारून लाकूड फोडावं लागतं. पातं रुंद असेल तर ते लाकडात चांगलं दीड इंच उतरलं तरी पाठ वर असते आणि ठोका बसतो. अरुंद पातं दुसऱ्या ठोक्यालाच लाकडात बुडतं, मग पुढे आलेल्या टोकावर ठोकत बसायचं.

लाकूडवेडा:
दादा, तुमचा कांदा मान्य. पण सुरी रानात न्यायची ती फक्त कांद्यासाठी का?

मी लाकडाच्या पळ्या, डाव, तंबूच्या खुंट्या करतो. तिथे रुंद पातं आडवं येतं. वळण घ्यायचं असतं तेव्हा पातं लाकडात फिरायला हवं. २० मिमीचं पातं खोबणीत वळतं, ४५ मिमीचं वळत नाही, त्याची पाठ खोबणीच्या काठाला अडते. शिवाय धार मुठीपासून जितकी खाली, तितकी सुरी हातात पिळवटते. अर्धा तास खाच पाडत बसा, मनगट सांगेल.

आणि मोराची घडण विसरू नका. तिच्या धारेजवळचा उतार रुंद आणि सपाट असतो. तो लाकडावर टेकवला की रंध्यासारखा चालतो, किती खोल जायचं ते हाताला कळतं. ओल्या दिवसात आग पेटवायला लाकडाच्या कुरळ्या काढायच्या असतात, एकाच काडीवर पिसासारख्या चिकटलेल्या. त्या या सपाट उतारावर जशा निघतात तशा तुमच्या पाठीपासून उतरलेल्या पात्यावर निघत नाहीत, कारण लाकडाला टेकायला काही ठाम नसतंच.

रतनगडाच्या लोखंडी शिड्यांवर कमरेला पन्नास मिमी रुंदीचं म्यान घेऊन चढून बघा, हेही सांगतो. दोनदा अडकलं की रुंदीचं कौतुक कमी होतं.

भोसरीचा_फिटर:
आकडे मांडतो, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. पाठीला दोन्ही पाती ३ मिमी धरू, दोन्ही पाठीपासून सरळ उतरवलेली. २५ मिमी रुंद पात्याचा एकूण कोन जवळपास ७ अंश येतो, ४५ मिमीचा ४ अंशांहूनही थोडा कमी. धारेपासून १० मिमी वर मोजलंत तर पहिलं पातं १.२ मिमी जाड भरेल, दुसरं सुमारे ०.७ मिमी. गाजर कडकन फुटतं की निमूट कापलं जातं, हे तिथे ठरतं. प्रत्यक्ष धारेचा कोन वेगळा, तो निसण्यावर आपण लावतो, पण मागून येणारी जाडी लावता येत नाही. म्हणजे पाठ मजबूत ठेवून कापायला पातळ राहायचं असेल तर रुंदी वाढवणं हा सरळ मार्ग आहे. डोंगरवाट यांचा मुद्दा इथे पक्का.

पण त्यांनी एक गोष्ट सांगितली नाही. इतक्या पातळ धारेने लाकूड फोडताना गाठ आली आणि हात जरा वाकडा झाला तर धार दुमडते किंवा तुकडा उडतो. पाणी कडक दिलं असेल, म्हणजे पोलाद फार कठीण केलं असेल, तर उडतोच. आणि रुंदी वाढली की वजन वाढतं, तेही सगळं मुठीच्या पुढे. शिवाय बटाटा कापताना रुंद सपाट पातं चिकटतं, फोड सुटत नाही. चिरायच्या कामाला रुंद पातं चांगलं, पण एकाच पात्यावर कांदा आणि गाठीचं लाकूड दोन्ही टाकू नका.

देवगडची_लेक:
तुम्ही सगळे एका सुरीवर का अडून बसलात तेच कळत नाही. आमच्याकडे हा प्रश्न कधी पडलाच नाही. बाबा बागेत जाताना कमरेला मागे लाकडी आकडी बांधायचे, तिला कोयती लटकवलेली. फांदी तोडायची, कुंपणाचे खुंट तासायचे, शहाळं फोडायचं, सगळं कोयतीनेच. घरात आडाळो, म्हणजे आमची विळी. त्याच्यावर आई मासे कापायची, नारळ खवायची, भाजी चिरायची. आडाळ्याला पातं स्थिर आणि हात फिरता, म्हणून बोटं आपटण्याचा प्रश्नच येत नाही.

तरी रुंदीच्या बाजूने एक गोष्ट मी सांगते, ती कुणी लिहिली नाही. आजोबांची कोयती आमच्याकडे अजून आहे. निसण्यावर घासून घासून ती निम्मी झाली आहे, पोटात खळगा पडलाय, तरी कापते. अरुंद सुरी तितकी वर्षं घासली असती तर हातात मूठ उरली असती. रुंद पातं म्हणजे पुढच्या वीस-तीस वर्षांचं पोलाद आधीच विकत घेतलेलं. गरीब घरात याला किंमत होती.

भोसरीचा_फिटर:
ताई, बरोबर. आणि हिशेबही तुमच्याच बाजूने आहे. धार १ मिमी वर सरकली की २५ मिमीच्या पात्यात धारेमागची जाडी ०.१२ मिमी वाढते, ४५ मिमीच्या पात्यात ०.०७. म्हणजे रुंद पातं झिजतानाही कमी बोथटतं.

रानमित्र:
दोन गोष्टी लक्षात असू द्या, कारण नवीन मुलं हे वाचून लोहाराकडे धावतील.

१९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे सुरे धारदार शस्त्रांत मोडतात. घरगुती, शेती, शास्त्रीय आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. २ इंच म्हणजे ५०.८ मिमी. रुंदी वाढवायच्या नादात ही रेघ ओलांडू नका. रात्री नाकाबंदीत "हे शेतीचं हत्यार आहे" असं सांगत बसणं सोपं नाही, विशेषतः तुम्ही शेतकरी नसाल तर. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश चालू असेल तर लहान सुरीवरूनही अडचण होते. सुरी म्यानात, म्यान पिशवीच्या तळाशी.

दुसरं, रतनगड, हरिश्चंद्रगड हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. तिथे झाडाला हात लावायचा नाही, वाळकी फांदीसुद्धा नाही. लाकूडवेडा यांची खुंटी आणि पिसं ही तिथली कामंच नव्हेत.

लाकूडवेडा:
मान्य आहे, आणि मी अभयारण्यात लाकूड तोडत नाही, हे स्पष्ट करतो. माझं लाकूड घरामागच्या छाटणीतलं असतं, शेवगा, कडुनिंब, आंबा.

पण मग मूळ प्रश्नच बदलतो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत 'नेसमुक' या नावाने लिहिणारे जॉर्ज वॉशिंग्टन सीअर्स रानात तीन हत्यारं न्यायचे: दुधारी छोटी कुऱ्हाड, पातळ पात्याची सुरी आणि घडीचा चाकू. जड काम कुऱ्हाडीकडे गेलं की सुरीला पातळ राहायची मोकळीक मिळते. त्यांच्या सुरीच्या पाठीला उंचवटा आहे, म्हणजे पातं तसं रुंदच. तरी नाजूक कामाला घडीचा चाकू वेगळा होताच.

डोंगरवाट:
फिटरदादा, धार दुमडल्याचा अनुभव मलाही आहे. मागच्या पावसाळ्यात बाभळीच्या गाठीवर नखाएवढा तुकडा उडाला, कानशीने काढायला दोन संध्याकाळी गेल्या. फोडायचं काम त्या सुरीकडून काढून घेतो, तेवढा माझा मूळ मुद्दा मागे. सरपण आता बारीक बघूनच विकत घेईन.

पण रानमित्र यांनी जे सांगितलं त्याने माझी बाजू उलट भक्कम होते. लाकूड तोडायचं नाही, कोरायचं नाही, मग सुरीला उरतं काय? कांदा, बटाटा, काकडी, मासे, दोरी आणि शिध्याच्या पुड्या. यातल्या दोरी-पुड्यांना कुठलंही पातं चालतं. बाकी सगळं झाकणावर किंवा फळकुटावर चिरायचं काम आहे आणि तिथे बोटांखाली जागा लागते. बटाटा चिकटतो हे खरं, पात्याला पाणी लावून घेतो.

शिड्यांचं म्हणाल तर म्यान कमरेला लावतच नाही.

लाकूडवेडा:
शिजवण्यापुरतं रुंद पातं, हे मी लिहून देतो. पण "एकच सुरी न्यायची तर" हे वाक्य मला अजून पटलेलं नाही. माझी मोरा म्यानासकट दीडशे ग्रॅमच्या आत आहे. तुमची सुरी म्यानासकट वजन करून इथे टाका.

डोंगरवाट:
आत्ताच काट्यावर ठेवली. म्यानासकट ३१० ग्रॅम.

देवगडची_लेक:
तेवढ्या वजनात मोरा आणि एक फळकूट दोन्ही येतात. फळकुटाच्या काठाला मूठ बाहेर ठेवून चिरलं तर अरुंद पात्यानेही बोटं आपटत नाहीत, आई पाटाच्या कडेवर तसंच करायची. पुढच्या मुक्कामाला एकदा करून बघा आणि कांदा तळापर्यंत कापला गेला का ते कळवा.