वायपर ब्लेड किती टिकतात? डोळ्यासमोरच पट्टा राहतोय

प्रश्न:
मंडळी, वायपर ब्लेडं साधारण किती टिकायला हवीत? माझी बदलून अजून वर्षही झालं नाही आणि ड्रायव्हर साइडला बरोबर डोळ्यासमोर पाण्याचा पट्टा राहतोय. पाऊस जोरात असला की चालून जातं पण भुरभुर असली की थडथड आवाज पण येतो, आणि रात्री समोरून हेडलाइट पडला की त्या पट्ट्यात काहीच दिसत नाही. घरची माणसं गाडीत असतात त्यामुळे खरंच भीती वाटते. गाडी दिवसभर उन्हात उभी असते. दुकानदार म्हणतो दर 6 महिन्यांनी बदला. खरंय की विकायचं म्हणून सांगतो?

उत्तर 1:
दुकानदार अगदीच चुकीचं नाही सांगत. साध्या रबरची ब्लेडं 6 ते 12 महिने, गाडी सावलीत असेल तर वर्ष सहज निघतं. पण महिने मोजून काही कळत नाही कारण वायपर वापरून जेवढा झिजतो त्याहून जास्त उभ्या उभ्या खराब होतो. ऊन आणि हवेतला ओझोन रबरला कडक करतात, बारीक चिरा पडतात. म्हणजे पाऊस फार झाला नाही म्हणून ब्लेड नव्यासारखं असेल असं धरू नका.

उत्तर 2:
बदलायच्या आधी काच धुवा! अर्ध्या तक्रारी काचेच्या असतात. पुढच्या गाड्यांच्या धुराचा तेलकट थर, वॅक्स, किडे हे सगळं नुसत्या पाण्याने जात नाही, काच साफ करायचं लिक्विड लावून नीट घासा. मग ओल्या फडक्यात ब्लेडची धार धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढा, फडकं काळं होईल, दोन तीन वेळा करा. पेट्रोल डिझेल बिलकुल लावू नका, रबर फुगतं.

त्यानंतर काय उरतं ते बघा. बारीक रेघ राहिली तर धारेला तेवढ्या जागी चीर आहे. रुंद पट्टा राहत असेल तर ब्लेड तिथे काचेला टेकतच नाहीये, फ्रेम वाकलेली असते नाहीतर आर्मची (ब्लेड ज्या दांड्याला बसवतात त्याची) स्प्रिंग सैल झालेली असते. आणि थडथड म्हणजे रबर एका बाजूला वळून तसंच बसलंय. चांगलं रबर प्रत्येक फेरीला पालथं पडतं, जाताना एका अंगावर आणि येताना दुसऱ्या. कडक झालेलं पडत नाही, मग ते काचेवर उड्या मारत जातं. तुमचं वर्णन वाचून मला हेच वाटतंय.

प्रश्नकर्ता:
काच धुतली, फडकं खरंच काळं झालं. पट्टा बराच कमी झाला पण थडथड आहेच. धारेवर बोट फिरवलं तर मध्ये खरखरीत लागतं.

उत्तर 2:
मग बदलाच, ते रबर परत मऊ होत नाही. दोन्ही एकदम बदला. नवीन टाकूनही थडथड राहिली तर आर्मचा कोन बघून घ्या, वायपर काचेवरच अर्ध्यात थांबवून बघितलं की धार काचेला काटकोनात टेकली पाहिजे.

उत्तर 3:
उन्हात उभी असते तर सिलिकॉनची बघा, महाग पडतात पण ऊन सोसतात. साइझ मात्र जुनी काढून मोजा, बऱ्याच गाड्यांत दोन्ही बाजूंची लांबी वेगळी असते. कोरड्या काचेवर धूळ पुसायला वायपर कधीच चालवू नका, धुळीचे कण धारेला कापतात आणि काचेलाही चरे पाडतात, आधी वॉशरचं पाणी मारा. आणि हो, ब्लेड काढल्यावर आर्म उभा असतो तेव्हा काचेवर जाड टॉवेल घडी करून ठेवा. हुक बसवताना हात सुटला तर नुसता लोखंडी आर्म स्प्रिंगच्या जोरात खाली आपटतो आणि काच तडकते.