मदत हवी आहे: खवले मांजराच्या बॅगेचे खवले सपाटच राहतायत

खणाच्या उरलेल्या तुकड्यांची स्लिंग बॅग करतेय, वेटोळं करून बसलेलं खवले मांजर, शेपटी फ्लॅपवरून पुढे येते आणि तिथेच बटण. बेस जाड कॅनव्हासचा, त्यावर साधारण ७० खवले, एकेक ५ सेंमी, शेपटीकडून वर शिवत जातेय, कौलं घालतात तसं, म्हणजे वरची ओळ खालची शिलाई झाकते. हे मस्त जमलंय, पण खवल्याला नखासारखा जो बाक हवा तो काही येत नाहीये.

आधी एकेरी खणाला पेस्टिंगचं बकरम (इस्त्रीने चिकटणारं कडक कापड) लावलं, तर पोस्टकार्डासारखे सपाट आणि कडेचे धागे सुटतायत. मेणबत्तीवर कडा धरली, पॉलिस्टर खणाची छान वितळून बसली, सुती खणाची सरळ जळाली (वास अजून आहे घरात). मग पांढरा गोंद पाण्यात कालवून लावला आणि उलट्या वाटीवर वाळवला, बाक झकास आला पण एका धुण्यात सगळं लोळागोळा. दुहेरी शिवून उलटवले तर टोकाला गाठोडं होतं आणि एवढ्या थरांत १६ नंबरची सुई तुटली.

मशीन घरचं साधं आहे, ओव्हरलॉक (कडेचे धागे बांधणारी शिलाई) नाही. भाचीसाठी आहे म्हणून तार नको, रेक्झिन-फोम पण नको, हाताने धुता आली पाहिजे.

तर खवल्याच्या मुळाशी बारीक डार्ट (शिवलेली चिमटी) घातला तर धुतल्यावर बाक टिकेल का, की अस्तर उरेब (धाग्याला तिरकं) कापून खणापेक्षा जरा लहान ठेवू? आणि लहान म्हणजे किती, २ मिमी की जास्त?